कॉलेजचे दार

मुलांनो, मुंबईचा राजाबाई टॉवर तुम्हांला ठाऊक असेल. प्रत्यक्ष पाहिला नसेल, तर चित्रात तरी पाहिला असेल. मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयावर हा उंच मनोरा उभा आहे. त्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट नावाच्या इंग्रज वास्तुशिल्पकाराने केला. तुम्ही कधी ग्लासगो या शहरात गेलात, तर तेथील विद्यापीठाची जुनी इमारत पाहून तुम्हांला वाटेल, ‘अरे, असेच काहीतरी आपण मुंबईत पाहिले आहे!’ तसे वाटले तर नवल नाही. ती इमारतही याच स्कॉटसाहेबांनी आखलेली आहे.

ग्लासगो हे स्कॉटलंडमधील सर्वांत मोठे शहर आहे. स्कॉटलंड म्हणजे ब्रिटनचा उत्तरेकडील भाग. शहराच्या मधून क्लाइड नदी वाहते. एके काळी या नदीच्या काठी मोठमोठी जहाजे बांधली जात. आपल्यासारखा वेगळा पावसाळा तेथे नसतो. पाऊस वर्षभर केव्हाही येतो आणि हवा थंड असते. ग्लासगोचे विद्यापीठ १४५१ साली स्थापन झाले. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० सालचा. म्हणजे त्याच्याही आधी जवळजवळ एकशे ऐंशी वर्षे हे विद्यापीठ सुरू झाले होते! स्कॉटसाहेबांच्या इमारतीत ते १८७० साली आले. ही इमारत एका टेकडीवर आहे. खालून केल्विन नावाची लहानशी नदी वाहते. जवळच भुयारी रेल्वेचे हिलहेड स्टेशन आहे. ही भुयारी रेल्वे १८९६ सालची आहे आणि ती शहरात गोल फिरते. एकाच गाडीत बसून राहिलात, तर जेथे चढलात तेथेच परत याल!

आता आपण एका मुलीची कल्पना करू. तिला आपण फियोना म्हणू. फियोना ग्लासगोच्या पूर्व टोकाला, ईस्टरहाउस नावाच्या वस्तीत राहते. दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या शहरातील दाटीवाटीच्या घरांतून हजारो कुटुंबांना अशा नव्या वस्त्यांमध्ये हलवण्यात आले. घरे बांधून झाली, पण दुकाने आणि इतर सोयी मागे राहिल्या. फियोनाची आई एका दुकानात काम करते. वडील बस चालवतात. दोघेही कष्टाळू आहेत, पण दोघांपैकी कोणीही कॉलेजात गेलेले नाही. आजी-आजोबाही गेलेले नाहीत. फियोनाला गुरांचा आणि कुत्र्यामांजरांचा डॉक्टर, म्हणजे पशुवैद्य व्हायचे आहे. ग्लासगो विद्यापीठात पशुवैद्यक शिकवतात. तिच्या घरापासून ते काही तासांच्या अंतरावर नाही. ते तिच्याच गावात आहे. मग अडचण कोणती?

अडचण अशी, की विद्यापीठाचे दार अठराव्या वर्षी उघडत असले, तरी त्याकडे जाणारी वाट चौदा-पंधराव्या वर्षीच सुरू होते. ज्यांच्या घरी कोणी आधी त्या वाटेने गेलेले असते, त्यांना हे आपोआप समजते. जेवताना आई सांगते, मावशी सांगते, मोठा भाऊ सांगतो. फियोनाला ते कोण सांगणार?

तेथील शाळा कशी असते, ते आधी पाहू. मूल पाच वर्षांचे झाले, की प्राथमिक शाळेत जाते. तेथे सात इयत्ता असतात. त्यानंतर माध्यमिक शाळेत सहा वर्षे. चौथ्या वर्षी एक परीक्षा असते. पाचव्या वर्षी ‘हायर’ नावाची मोठी परीक्षा असते. विद्यापीठे मुख्यतः हायरचे निकाल पाहतात. मुले बहुधा चार किंवा पाच विषयांत हायर देतात. गुण श्रेणीत सांगतात. ‘ए’ ही सर्वांत वरची श्रेणी. सोळा वर्षे पूर्ण झाली, की शाळा सोडता येते, पण ज्यांना विद्यापीठात जायचे असते ती मुले बहुधा सहाव्या वर्षापर्यंत थांबतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण सगळ्यालाच कॉलेज म्हणतो. स्कॉटलंडमध्ये कॉलेज वेगळे आणि विद्यापीठ वेगळे. कॉलेजमध्ये बहुतेक हाताच्या कामाचे आणि व्यवसायाचे शिक्षण मिळते. पदवी घ्यायची, तर बहुधा विद्यापीठात जावे लागते.

चौथ्या वर्षाच्या आधी मुलांना विषय निवडावे लागतात. शाळेतून एक कागद मिळतो. त्यावर रकाने असतात. या रकान्यातला एक, त्या रकान्यातला एक, अशी निवड करायची. इंग्रजी आणि गणित बहुधा ठरलेलेच असतात. बाकीचे आपल्या मनावर. कोणी मैत्रिणीने घेतला म्हणून एखादा विषय घेते, कोणी शिक्षक प्रेमळ आहेत म्हणून घेते. फियोनालाही रसायनशास्त्राचा कंटाळा येतो. तिने तो विषय सोडून दिला, तर? त्या दिवशी काहीच घडणार नाही. कोणी रागावणार नाही. पण तीन वर्षांनी पशुवैद्यकाचा अर्ज भरताना तिला कळेल, की तेथे हायरला रसायनशास्त्र हवेच, जीवशास्त्र हवेच आणि भौतिकशास्त्र किंवा गणितही हवे. तेव्हा फार उशीर झालेला असेल. कागदाच्या एका रकान्यात केलेली खूण इतकी महत्त्वाची असते, हे चौदा वर्षांच्या मुलीला कसे ठाऊक असणार? आपल्याकडेही असेच आहे. परळला १८८६ साली सुरू झालेले पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथे जायचे असेल आणि अकरावी-बारावीला जीवशास्त्र घेतलेलेच नसेल, तर काय उपयोग?

म्हणून ग्लासगोच्या शाळांत विषय निवडण्याआधी मुलांशी बोलणारी माणसे असतात. काही शिक्षकांकडे मुलांची काळजी घेण्याचे आणि त्यांना सल्ला देण्याचेच काम असते. शिवाय प्रत्येक सरकारी माध्यमिक शाळेत व्यवसायाचा सल्ला देणारे एक सल्लागार येतात. ते आधी विचारतात, ‘तुला काय करायला आवडते?’ मग उलट दिशेने मोजत येतात. पशुवैद्य व्हायचे, तर विद्यापीठाला काय हवे? विद्यापीठाला ते हवे, तर हायरला कोणते विषय? हायरला ते विषय, तर आता कोणते? प्रवासाला निघताना आपण असेच करतो ना? पंढरपूरला सकाळी पोहोचायचे, तर घरून केव्हा निघावे लागेल, ते शेवटाकडूनच मोजतो.

सल्ल्याची एक खरी गोष्ट सांगतो. ती ग्लासगोचीच आहे.

आल्फ वाइट नावाचा एक मुलगा ग्लासगोत वाढला. त्याचा जन्म १९१६ सालचा. त्याचे वडील सिनेमागृहात पियानो वाजवत. त्या काळचे सिनेमे मुके होते, म्हणून पडद्यासमोर बसून कोणीतरी वाद्य वाजवावे लागे. आल्फकडे डॉन नावाचा लाल-तपकिरी, लांब केसांचा कुत्रा होता. त्याला घेऊन तो शहराबाहेरच्या टेकड्यांवर मैलन्‌मैल भटके. तेरा वर्षांच्या आतबाहेर असताना त्याने मुलांच्या एका मासिकात पशुवैद्याच्या कामावरचा लेख वाचला. दिवसभर कुत्र्यांमध्ये राहायचे आणि त्याचेच पैसे मिळायचे! आल्फला ते फारच आवडले. पण हे शिकायला जायचे कोठे, ते त्याला समजेना. शिवाय शाळेत त्याचे विषय होते इंग्रजी, फ्रेंच आणि लॅटिन. विज्ञानाशी त्याचा संबंध नव्हता.

तो हिलहेडच्या शाळेत शिकत होता. एके दिवशी ग्लासगोच्या पशुवैद्यक कॉलेजचे प्राचार्य त्या शाळेत आले. त्यांनी मुलांना आपल्या व्यवसायाची माहिती सांगितली. आल्फने त्यांना आपली अडचण सांगितली. प्राचार्यांनी त्याला धीर दिला. यामागे एक कारणही होते. त्या काळी रस्त्यावर मोटारी वाढत होत्या आणि घोडे कमी होत होते. घोडे कमी, म्हणून घोड्यांचे डॉक्टरही कमी लागत. त्या कॉलेजाला विद्यार्थी हवेच होते. १९३३ साली आल्फने त्या कॉलेजात नाव घातले. विज्ञानाचे विषय त्याला जड गेले. अनेक वेळा परीक्षा द्याव्या लागल्या. तरीही १९३९ साली तो पशुवैद्य झाला. पुढे यॉर्कशरमधील एका लहान गावात त्यांनी आयुष्यभर गाई, मेंढ्या, घोडे आणि कुत्री तपासली. १९७० सालापासून त्यांनी जेम्स हेरियट या नावाने आपल्या कामाच्या गमतीजमती पुस्तकांत लिहिल्या. ती पुस्तके जगभर वाचली गेली. आज ग्लासगोच्या पशुवैद्यक शाळेतील ग्रंथालयाला त्यांचेच नाव आहे.

प्राचार्य त्या दिवशी शाळेत आले नसते, तर? कदाचित आल्फला दुसरा कोणी भेटला असता. कदाचित भेटलाही नसता. आज कोणाचेही शिक्षण अशा योगायोगावर सोडता येत नाही. आज पशुवैद्यकाच्या एकेका जागेसाठी अनेक मुले अर्ज करतात. लॅटिन शिकून आलेल्या मुलाला आता तेथे प्रवेश मिळणार नाही. म्हणून ग्लासगो विद्यापीठाने ‘रीच’ नावाचा एक कार्यक्रम चालवला आहे. डॉक्टर, दंतवैद्य, पशुवैद्य, वकील यांसारखे शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या, पण ज्यांच्या शाळांतून फार थोडी मुले विद्यापीठात जातात, अशा मुलांना विद्यापीठाची माणसे शाळेतच भेटतात. त्यांना विद्यापीठात नेऊन वर्ग दाखवतात, प्रयोगशाळा दाखवतात. ज्या इमारतीत शिरताना भीती वाटते, तिच्यात आधी एकदा शिरून येणे, हे लहानसे काम वाटते. पण तेथे जाऊन आलेल्या मुलाला पुढच्या वेळी दार कोठे आहे, हे विचारावे लागत नाही.

आता फियोना सहाव्या वर्षात आली आहे, असे समजू. तिने रसायनशास्त्र सोडले नाही. हायरचे निकाल चांगले लागले. आता अर्ज.

ब्रिटनमध्ये प्रत्येक विद्यापीठाला वेगळा अर्ज पाठवावा लागत नाही. ‘यूकॅस’ नावाची एक संस्था आहे. ती १९९३ साली सुरू झाली. सगळे अर्ज तिच्याकडे संगणकावरून जातात आणि ती ते विद्यापीठांकडे पोहोचवते. एका अर्जात जास्तीत जास्त पाच ठिकाणे लिहिता येतात. वैद्यक, दंतवैद्यक आणि पशुवैद्यक यांसाठी मात्र चारच. बहुतेक अभ्यासक्रमांचे अर्ज जानेवारीत घेतात, पण या तीन अभ्यासक्रमांचे अर्ज १५ ऑक्टोबरलाच बंद होतात. पाहा, पुन्हा तीच गोष्ट! ज्याला तारीख ठाऊक नाही, तो कितीही हुशार असला तरी काय करणार? शाळा यावर एक युक्ती करतात. त्या आपली स्वतःची तारीख बऱ्याच आधीची ठेवतात. मग उशीर करणारी मुलेही वेळेत बसतात. अर्जाला थोडी फी असते. शाळेत ज्यांना मोफत जेवण मिळते, त्यांना ती माफ असते.

अर्जात निकाल लिहायचे, पत्ता लिहायचा. हे सोपे आहे. अवघड असते ते स्वतःविषयी लिहिणे. त्यासाठी जागाही मोजकी. अक्षरे, चिन्हे आणि मधल्या मोकळ्या जागा मिळून चार हजार. पूर्वी तेथे एक निबंधच लिहावा लागे. चांगल्या शाळांतील मुलांना तो कसा लिहायचा, हे शिकवणारे भेटत. इतर मुले कोऱ्या कागदाकडे पाहत बसत. म्हणून २०२६ साली प्रवेश घेणाऱ्यांपासून या निबंधाचे तीन प्रश्न केले. हाच विषय का शिकायचा आहे? शाळेतील अभ्यासाने तुमची तयारी कशी झाली? शाळेबाहेर तुम्ही काय केले आणि त्याचा काय उपयोग होईल? हा बदल चांगलाच झाला, असे म्हटले पाहिजे. प्रश्न समोर असला, की उत्तर सुचते.

फियोनाने पहिल्यांदा लिहिले, ‘मला लहानपणापासून प्राणी फार आवडतात.’ तिच्या शिक्षिकेने ते वाचले आणि विचारले, ‘हे वाक्य अर्ज करणाऱ्या किती मुलांनी लिहिले असेल?’ फियोना हसली. बहुतेक सगळ्यांनीच! मग शिक्षिका म्हणाल्या, ‘तू मेंढ्यांच्या शेतावर गेली होतीस ना? तेथे काय पाहिलेस, ते सांग.’ वसंत ऋतूत स्कॉटलंडमध्ये मेंढ्या वितात. त्या दिवसांत फियोना एका शेतावर मदतीला गेली होती. एक कोकरू थंडीने गारठले होते आणि त्याला दूध ओढता येत नव्हते. शेतकऱ्याने आधी त्याला ऊब दिली आणि मगच दूध पाजले. आधी दूध का नाही, असे तिने विचारले. गारठलेल्या कोकराच्या पोटात दूध पचत नाही, असे उत्तर मिळाले. तिने मग घरी येऊन जीवशास्त्राच्या पुस्तकात शरीराच्या उष्णतेचे प्रकरण पुन्हा वाचले. हे सारे तिने पाच-सहा वाक्यांत लिहिले. आता हा अर्ज दुसऱ्या कोणाचा असूच शकत नव्हता.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्या. शिक्षिकेने एकही वाक्य फियोनासाठी लिहून दिले नाही. तिने फक्त प्रश्न विचारले. दुसऱ्याने लिहिलेला मजकूर आपला म्हणून पाठवला, तर तो पकडला जातो. असे मजकूर ओळखण्याची व्यवस्था यूकॅसकडे आहे. शिक्षकांना लिहायचे असते ते वेगळे. अर्जासोबत शाळेचे एक शिफारसपत्र जाते. त्यात ही मुलगी कशी अभ्यास करते आणि तिला कोणत्या अडचणी आल्या, ते लिहितात.

अडचणींचा विषय निघाला आहे, तर आणखी थोडे सांगितले पाहिजे. विद्यापीठे स्कॉटलंडमधील काही मुलांकडून थोड्या कमी श्रेणी स्वीकारतात. गरीब वस्तीत राहणारी मुले, आईवडिलांपासून दूर सरकारच्या देखरेखीखाली वाढलेली मुले, यांना ही सवलत मिळते. काही लोक विचारतात, हा न्याय झाला का? तुम्हीच विचार करा. दोन मुले एकाच वेळी गड चढायला निघाली. एकाचे हात मोकळे आहेत. दुसऱ्याच्या डोक्यावर पाण्याने भरलेली कळशी आहे. मोकळा मुलगा दहा मिनिटे आधी वर पोहोचला. तर पायांत बळ कोणाच्या जास्त? हे पाहायचे असेल, तर घड्याळाबरोबर कळशीकडेही पाहावे लागते. २०१६ साली स्कॉटलंडमध्ये एका आयोगाने याचा अभ्यास केला. देशातील वस्त्यांचे पाच भाग केले, तर सर्वांत गरीब भागात देशातील पाचपैकी एक माणूस राहतो. मग विद्यापीठात येणाऱ्या पाच मुलांपैकी एक मूल तेथून का येऊ नये? २०३० सालापर्यंत असे व्हावे, असे त्या आयोगाने सांगितले. ग्लासगोत अशा वस्त्या पुष्कळ आहेत. म्हणून तेथे हा प्रश्न सर्वांच्याच घराजवळचा आहे.

आता पैशांचे पाहू. पूर्वीच्या काळी काय होत असे, याची आणखी एक गोष्ट ग्लासगोजवळची आहे. आफ्रिकेत दूरवर प्रवास करणारे डेव्हिड लिव्हिंगस्टन यांचे नाव तुम्ही पुढे भूगोलात वाचाल. त्यांचा जन्म १८१३ साली ब्लँटायर या गावी झाला. दहाव्या वर्षी, म्हणजे तुमच्याएवढे असताना, ते कापडगिरणीत कामाला लागले. सकाळी सहा ते रात्री आठ काम! पहिल्या आठवड्याच्या मजुरीतून त्यांनी लॅटिन व्याकरणाचे पुस्तक विकत घेतले. सूत कातण्याच्या यंत्रावर पुस्तक उघडे ठेवायचे आणि येता-जाता एकेक वाक्य वाचायचे, असा त्यांचा अभ्यास. १८३६ साली ते ग्लासगोत वैद्यक शिकायला गेले. बर्फ पडलेले होते. वडिलांबरोबर ते चालत शहरात आले. एका मित्राने खोल्यांच्या पत्त्यांची यादी दिली होती. ती घेऊन बापलेक दिवसभर दारोदार फिरले, तेव्हा कोठे परवडणारी खोली मिळाली. हिवाळ्यात शिकायचे आणि उन्हाळ्यात परत गिरणीत काम करून पुढच्या वर्षाचे पैसे साठवायचे, असा त्यांचा क्रम होता. आपल्याकडे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यात ‘कमवा आणि शिका’ ही योजना राबवली, ती तुम्हांला आठवेल.

फियोनाला गिरणीत जावे लागत नाही. स्कॉटलंडच्या मुलांनी स्कॉटलंडमध्येच पहिली पदवी घ्यायचे ठरवले, तर त्यांची विद्यापीठाची फी सरकार भरते. पण त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो दर वर्षी करावा लागतो. यूकॅसचा अर्ज केला म्हणजे हेही झाले, असे अनेकांना वाटते. तसे नसते. सोळा वर्षांनंतर शाळेत शिकत राहणाऱ्या गरीब घरच्या मुलांना आठवड्याला तीस पौंड मिळतात, मात्र त्या आठवड्यात विनाकारण गैरहजर राहिले तर ते मिळत नाहीत. २०२२ सालापासून बावीस वर्षांखालील मुलांना बसचा प्रवास मोफत आहे. ईस्टरहाउसहून विद्यापीठापर्यंत जायचे भाडे फियोनाला पडत नाही. राहणे, जेवणे आणि पुस्तके यांसाठी कर्ज मिळते. ते पुढे नोकरी लागल्यावर फेडायचे. उत्पन्नाचा दाखला, हजेरीचा दाखला, सही, शिक्का हे तिकडेही चुकलेले नाही, बरे का! तुमच्या घरी ताईचा किंवा दादाचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना अशीच धावपळ झाली असेल.

ही सारी माहिती आता संगणकावर मिळते. तरीही अनेक मुले मध्येच थांबतात. का थांबतात, याचा शोध घेताना ग्लासगोतील लोकांना एक साधी गोष्ट आढळली. माहिती असून भागत नाही. ‘झाला का ग अर्ज?’ असे विचारणारे कोणीतरी लागते. ज्या मुलांना आईवडिलांचे घर नसते, त्यांना तर असे कोणीच नसते. २००७ साली शहराच्या पूर्व भागातील एका शाळेत ‘एमसीआर पाथवेज’ नावाचे काम सुरू झाले. पुढे ते शहरातील सर्व माध्यमिक शाळांत पोहोचले. यात नोकरी करणारी किंवा निवृत्त झालेली माणसे एकेका मुलाला आठवड्यातून एक तास भेटतात. फक्त एक तास! ती शिकवणी घेत नाहीत. बोलतात, ऐकतात, कधी फॉर्म समोर घेऊन बसतात. पण तोच माणूस, तोच दिवस, तीच वेळ, असे वर्षानुवर्षे चालते. एक तास म्हणजे काय मोठे, असे मोठ्या माणसांना वाटेल. वाट पाहणाऱ्या मुलाला तसे वाटत नाही.

असा आधार आपल्या रखमाबाईंनाही मिळाला होता. रखमाबाई मुंबईच्या. त्यांचा जन्म १८६४ सालचा. लहानपणीच त्यांचे लग्न लावले होते. मोठेपणी त्यांनी ते मानण्यास नकार दिला आणि कोर्टात लढा दिला. त्यांना डॉक्टर व्हायचे होते. पण परदेशातील वैद्यकीय शाळेत कसे जायचे, हे त्यांना कोण सांगणार? त्या वेळी मुंबईच्या कामा रुग्णालयात एडिथ पीची नावाच्या इंग्रज डॉक्टर होत्या. त्यांनी स्वतः स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरात स्त्रियांना वैद्यक शिकता यावे म्हणून झगडा केला होता. ही वाट किती खडतर आहे, ते त्यांना पुरते ठाऊक होते. त्यांनी रखमाबाईंना उत्तेजन दिले, पैसे उभे करण्यास मदत केली. १८८९ साली रखमाबाई लंडनला गेल्या आणि १८९४ साली डॉक्टर झाल्या. त्याच १८९४ साली ग्लासगो विद्यापीठातून मॅरियन गिलख्रिस्ट वैद्यकाची पदवी घेऊन बाहेर पडल्या. स्कॉटलंडच्या विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. त्यांचाही जन्म १८६४ सालचाच! दोघी सारख्याच वयाच्या, एकाच वर्षी डॉक्टर झालेल्या.

फियोनाकडे परत येऊ. तिने ऑक्टोबरमध्ये अर्ज पाठवला. मग मुलाखत झाली. वसंत ऋतूत उत्तर आले. ग्लासगोने प्रवेश देऊ केला होता, पण अट घातली होती. सहाव्या वर्षाच्या परीक्षेतही अमुक श्रेणी मिळालीच पाहिजे! एप्रिलच्या अखेरीस परीक्षा सुरू होतात आणि मे महिनाभर चालतात. निकाल ऑगस्टच्या सुरुवातीला लागतो. त्या सकाळी स्कॉटलंडमधील हजारो घरांत लवकर जाग येते. कोणाच्या फोनवर संदेश येतो, कोणी पोस्टमनची वाट पाहते.

अट पुरी झाली, तर प्रवेश नक्की. नाही झाली, तर काय? आल्फ वाइटसारखी पुन्हा परीक्षा देता येते. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करता येतो. काही अभ्यासक्रमांत जागा शिल्लक राहतात, त्या यूकॅस जाहीर करते. नाहीतर आधी कॉलेजचे एक किंवा दोन वर्षांचे शिक्षण घेता येते. मग काही विषयांत विद्यापीठाच्या थेट दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात बसता येते. क्लाइडच्या काठी सिटी ऑफ ग्लासगो कॉलेज आहे. जहाजावर काम करणारे इंजिनिअर तेथे तयार होतात. निकालाच्या दिवशी मुलांना आणि पालकांना सल्ला देण्यासाठी टेलिफोनही सुरू असतात. पलीकडे बसलेला सल्लागार पहिल्यांदा विचारतो, ‘तुझे विषय कोणते होते?’

आणि ऑगस्टच्या मध्यावर शाळा पुन्हा भरतात. हिवाळा सरला, की ईस्टरहाउसच्या शाळेत तिसऱ्या वर्षाच्या मुलांना रकान्यांचा तो कागद मिळतो.